टायटॅनियमची रोड बाइक फ्रेम घेताना या चुका टाळा

टायटॅनियमच्या फ्रेमची खरी किंमत ज्या कामात असते ते फोटोत दिसत नाही, आणि फोटोत जे उठून दिसतं त्याने बहुतेक वेळा फक्त बिल वाढतं. धातू महाग आहे हे खरं, पण एका फ्रेमला तो दीड किलोच्या आसपासच लागतो. खर्च होतो तो नळ्या कापण्यावर, त्यांची तोंडं एकमेकींत घट्ट बसवण्यावर, वेल्डिंगवर, सरळपणा तपासण्यावर आणि आटे पाडण्यावर. हा धातू कापताना हत्यारं लवकर झिजतात आणि घाई केली की काम बिघडतं. तेव्हा फ्रेम बघताना विचारायचं एवढंच: पैसे या कामाला जातायत की दिखाव्याला?

ग्रेडच्या आकड्यावर भाळणं

जाहिरातीत ‘ग्रेड ५’, ‘ग्रेड ९’, ‘एरोस्पेस’ असे शब्द मोठ्या अक्षरांत असतात. ग्रेड म्हणजे परीक्षेतले गुण असावेत असं समजून लोक आकड्यांची तुलना करतात. प्रत्यक्षात तो मिश्रधातूचा क्रमांक आहे, बाकी काही नाही. ग्रेड ९ मध्ये ३ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि २.५ टक्के व्हॅनेडियम असतं, ग्रेड ५ मध्ये अनुक्रमे ६ आणि ४ टक्के. ग्रेड ९ च्या बिनजोड, पातळ नळ्या विमानांच्या हायड्रॉलिक लाइनसाठी वापरल्या जात होत्या. सायकलवाल्यांना त्या आयत्याच मिळाल्या. आजही चांगल्या फ्रेमच्या मुख्य नळ्या बहुतेक याच मिश्रधातूच्या असतात.

ग्रेड ५ ताकदीने वरचढ आहे, यात वाद नाही. पण तो थंड अवस्थेत ओढून त्याची बिनजोड पातळ नळी करणं अवघड असतं, म्हणून अनेकदा पत्रा वळवून, लांबीभर वेल्ड करून नळी बनवतात. त्याचा खरा उपयोग मशीनवर घडवलेल्या भागांत होतो: ड्रॉपआउट (चाकाचा अ‍ॅक्सल बसतो ती टोकं), हेड ट्यूब (हँडलखालची पुढची आखूड नळी), बॉटम ब्रॅकेटची शेल (क्रँकचे बेअरिंग बसतात ती आडवी नळी). शिवाय ताकद वेगळी आणि कडकपणा वेगळा. एकाच मापाच्या नळ्या घेतल्या तर दोन्ही ग्रेडच्या कडकपणात सायकल चालवताना जाणवेल असा फरक नसतो. ‘संपूर्ण ग्रेड ५’ म्हणून मागितलेले जादा पैसे मी तरी देणार नाही.

टाळायचं ते शुद्ध टायटॅनियम, म्हणजे ग्रेड २ च्या मुख्य नळ्या. १९७० च्या दशकातली टेलिडाइन टायटन ही फ्रेम शुद्ध टायटॅनियमची होती, आणि तिचं नाव निघालं की पहिली आठवण तिच्या लवचीकपणाचीच निघते. पुढे मर्लिन, लाइटस्पीड अशा अमेरिकी कंपन्यांनी ३-२.५ मिश्रधातू, म्हणजे ग्रेड ९, रुळवला. विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा: मुख्य नळ्या कोणत्या मिश्रधातूच्या, आणि त्या बिनजोड आहेत का. उत्तर टाळलं गेलं तर तिथेच थांबा.

फक्त वजन बघणं

टायटॅनियमची घनता पोलादाच्या जेमतेम ५७ टक्के आहे, पण त्याचा अंगचा कडकपणाही पोलादाच्या निम्म्याच्या आसपास आहे. पोलादी नळीच्याच मापाची टायटॅनियमची नळी लावली तर फ्रेम हलकी होईल आणि लिबलिबीतही. उपाय म्हणजे व्यास वाढवणं: भिंतीची जाडी तीच ठेवली तर वाकण्याला होणारा विरोध साधारण व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून डाउन ट्यूब (हेड ट्यूबपासून क्रँककडे उतरणारी नळी) आणि चेनस्टे (क्रँकपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या) यांची मापं वजनाच्या आकड्याहून जास्त बोलकी असतात. साठ किलोच्या आणि पंच्याण्णव किलोच्या माणसाला एकाच नळ्या सुचवणारा विक्रेता विचार करत नाहीये, हे समजून घ्या.

रोडच्या टायटॅनियम फ्रेम साधारण १.३ ते १.७ किलोच्या असतात. चांगली कार्बन फ्रेम एक किलोच्या आत येते. वजन हाच पहिला निकष असेल तर धातूच चुकीचा निवडलाय. बटेड नळ्या, म्हणजे टोकांना जाड आणि मध्ये पातळ केलेल्या, शे-दोनशे ग्रॅम वाचवतात, पण किमतीतली उडी त्या मानाने मोठी असते. एकसारख्या जाडीच्या साध्या नळ्यांची, नीट वेल्ड केलेली फ्रेम घेण्यात काहीही कमीपणा नाही. रस्त्यावरचे हादरे कमी व्हावेत म्हणून कोणी फ्रेमवर खर्च करत असेल, तर त्याने आधी रुंद टायर लावून हवा कमी करून बघावी. फरक तिथे जास्त पडतो.

वेल्डच्या लहरी मोजत बसणं

एकावर एक ठेवलेल्या नाण्यांसारख्या सारख्या लहरी दिसल्या की वेल्ड उत्तम, असा समज आहे. वेल्डरचा हात स्थिर आहे एवढंच त्यातून कळतं. टायटॅनियमचं गणित वायूवर आहे. साधारण ४०० अंश सेल्सियसच्या वर तापलेला टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन, नायट्रोजन शोषू लागतो आणि ठिसूळ होतो. म्हणून वेल्डवर बाहेरून आर्गॉन या निष्क्रिय वायूचं आवरण लागतं, आणि नळीच्या आतली हवाही काढून तिथे आर्गॉन भरावा लागतो. हे आतलं काम वेळखाऊ असतं, ते कुणाला दिसत नाही, आणि घाईच्या कारखान्यात कात्री लागते ती इथेच.

रंग बरंच सांगतो. वेल्ड चांदीसारखा चकचकीत असेल तर उत्तम, फिकट सोनेरी चालेल. खुद्द वेल्डवर गडद निळा किंवा जांभळा रंग असेल तर शंका घ्या. राखाडी किंवा पांढुरकी, भुकटीसारखी साय असेल तर ती फ्रेम नकोच. अडचण अशी की हे रंग ब्रश मारून किंवा बारीक काचेच्या मण्यांचा मारा करून सहज काढता येतात. त्यामुळे तयार फ्रेमवरचा चांदीचा रंग फारसा पुरावा ठरत नाही.

मग बघायचं कुठे? जिथे ब्रश पोचत नाही तिथे. बॉटम ब्रॅकेटच्या शेलमध्ये टॉर्च मारा. हेड ट्यूबमध्ये खालून डोकवा. सीट ट्यूबमध्ये वरून बघा. आतली बाजू काळपट, दाणेदार, करपलेली दिसली तर आत आर्गॉन पुरेसा नव्हता. फ्रेम लांबून मागवत असाल तर फिनिशिंगच्या आधीचे, कच्च्या वेल्डचे फोटो मागा. ज्याचं काम स्वच्छ असतं तो सहसा आढेवेढे घेत नाही.

आणखी एक गोष्ट, लहरींपेक्षा कितीतरी महत्त्वाची: वेल्डच्या कडेने नळीवर खाच पडलीय का. वेल्डर या खाचेला अंडरकट म्हणतात. पातळ नळीत तडा सुरू व्हायला अशी खाच पुरते. नख कडेवरून फिरवलं तरी ती कळते. एक फेरीचा वेल्ड की दोन फेऱ्यांचा, या वादात मात्र पडू नका. दोन्ही पद्धतींनी उत्तम फ्रेम बनतात.

देशाच्या नावावरून भाव ठरवणं

चीनच्या शान्शी प्रांतातलं बावजी शहर टायटॅनियम उद्योगासाठीच ओळखलं जातं, आणि चिनी कारखान्यांतून थेट ग्राहकाला जशा फ्रेम जातात तशाच पाश्चात्त्य ब्रँडच्या नावानेही जातात. त्यामुळे ‘तिकडची’ म्हणजे वाईट आणि ‘इकडची’ म्हणजे चांगली ही विभागणी कामाची नाही. ब्रँडला जादा पैसे देताना आपण घेतो ती आराखड्याची जबाबदारी, तपासणी आणि पुढची हमी. यातलं काय खरोखर मिळतंय हे विचारा. ते मिळत नसेल तर तुम्ही नुसत्या स्टिकरची किंमत मोजताय.

थेट कारखान्यातून घेताना तपासनीस तुम्ही स्वतः असता. स्टॅक आणि रीच (बॉटम ब्रॅकेटपासून हेड ट्यूबच्या वरच्या टोकाचं उभं आणि आडवं अंतर), हेड ट्यूबचा कोन, फोर्कची उंची आणि रेक (फोर्कचा पुढे आलेला भाग) यांचा एकमेकांशी संबंध कळत नसेल तर स्वतःच्या मापाने बनवलेली फ्रेम थेट मागवू नका. आराखड्यातली चूक तुमची. कारखाना कागदावर होतं तसंच बनवून देतो. बहुतेक लोकांना तयार मापांपैकी एखादं नीट बसतं. आधी तेच बघा.

सुटे भाग कुठे बसणार हे न बघणं

फ्रेम टिकाऊ असते, पण तिच्यात बसणारे भाग बाजारातून गायब होऊ शकतात. इथे जुनाट वाटलं तरी साधंच निवडावं. बॉटम ब्रॅकेट आट्यांचा घ्या: ६८ मिलिमीटरचा बीएसए किंवा टी४७ (ही आट्यांची मानक मापं). प्रेसफिटला, म्हणजे आट्यांऐवजी दाबून बसवायच्या बेअरिंगला, शेलचं भोक काटेकोर गोल आणि अचूक मापाचं लागतं, आणि वेल्डच्या उष्णतेने भोक जरा जरी वेडंवाकडं झालं की आयुष्यभराची कुरकुर मागे लागते. हेड ट्यूब ४४ मिलिमीटर आतल्या व्यासाची असेल तर सरळ आणि टेपर्ड (खाली रुंद होणारा) दोन्ही स्टीअरर, म्हणजे फोर्कच्या वरच्या दांड्या, बसवता येतात. सीटपोस्ट २७.२ मिलिमीटरचा असला तर निवड भरपूर आणि थोडी लवचीकताही मिळते.

डिस्क ब्रेकच्या फ्रेममध्ये मागे १४२ बाय १२ मिलिमीटरचा थ्रू-अ‍ॅक्सल (चाकातून आरपार जाऊन फ्रेममध्ये आवळला जाणारा दांडा) असतो, पण त्याच्या आट्यांचं अंतर १, १.५ किंवा १.७५ मिलिमीटर असू शकतं. ते लिहून घ्या, कारण अ‍ॅक्सल हरवला की हाच आकडा शोधावा लागतो. डिरेलरचा हँगर, म्हणजे गिअर बदलणारी यंत्रणा जिला अडकवतात तो सुटा तुकडा, सहज मिळणारा हवा; फ्रेमसोबतच एक जादा मागून घ्या. केबल हेडसेटमधून (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगांतून) आत नेणारी रचना दिसते छान, पण वरचा बेअरिंग बदलायला ब्रेकच्या नळ्या सोडाव्या लागतात. हौस असेल तर घ्या, मात्र त्यासाठी फ्रेमच्या किमतीत मोठी भर घालू नका.

अर्धवट किमतींची तुलना

एकाच्या किमतीत फोर्क, हेडसेट, अ‍ॅक्सल, सीट क्लॅम्प असतो. दुसऱ्याच्या किमतीत नुसती फ्रेम. वाहतूक आणि आयात शुल्क वेगळंच. सगळं एका कागदावर मांडल्याशिवाय स्वस्त-महाग ठरवू नका. रंगीत अ‍ॅनोडायझिंगने (विजेच्या प्रक्रियेने दिलेल्या रंगाने) फ्रेमच्या चालीत काहीच बदलत नाही, आणि ओरखडा पडला की दुरुस्त करणं कठीण. साध्या ब्रश फिनिशवर घासणीचा पॅड फिरवला की ओरखडे बुजतात.

रिम ब्रेक चालत असतील तर मागच्या ड्रॉपआउटमध्ये १३० मिलिमीटर अंतर असलेल्या, क्विक-रिलीझवाल्या (लिव्हरने चाक सुटणाऱ्या) जुन्या टायटॅनियम फ्रेमकडे जरूर बघा. सगळे डिस्ककडे वळल्यामुळे त्यांना मागणी कमी आहे आणि धातू तर गंजत नाही. फक्त ‘आजीवन’ हमी बहुधा पहिल्या मालकापुरतीच असते, त्यामुळे जुनी फ्रेम हमीशिवाय आहे असं धरूनच भाव करा. नव्या फ्रेमच्या हमीतही अपघात, चालवणाऱ्याचं वजन आणि परत पाठवण्याचा खर्च याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. आयएसओ ४२१० या सायकल सुरक्षेच्या मानकाप्रमाणे चाचणी झाल्याचा अहवाल मागा. त्यात फ्रेमला पेडलिंगच्या भाराची १,००,००० आवर्तनं सोसावी लागतात. अहवाल त्याच मॉडेलचा आहे ना, तेही बघा.

फ्रेम हातात आल्यावर

भाग चढवण्याआधी सरळपणा तपासा. एका मागच्या ड्रॉपआउटला दोरा बांधा, हेड ट्यूबला वळसा घालून तो दुसऱ्या ड्रॉपआउटला ताणून बांधा, आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजा. ड्रॉपआउट जितके एका बाजूला सरकलेले असतील त्याच्या दुप्पट फरक सीट ट्यूबपाशी दिसेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो दुपटीहून कमी असतो, म्हणून दोनेक मिलिमीटरचा फरकही हलका समजू नका. फोटो काढून लगेच कळवा. घरी वाकवून सरळ करायला जाऊ नका. टायटॅनियम उसळून परत येतो आणि हिशेब चुकतो.

प्रत्येक आट्याला अँटी-सीझ (धातू एकमेकांत अडकू नयेत म्हणून लावायचा लेप) लावा, बॉटम ब्रॅकेटला तर सढळ हाताने. टायटॅनियमवर दुसरा धातू कोरडा घासला की दोन्ही एकमेकांना धरतात आणि आटे जातात. अ‍ॅल्युमिनियमचा सीटपोस्ट असेल तर घामाच्या मिठाने गंजतो तो पोस्ट, फ्रेम नाही, पण अडकतात दोघंही. दर काही महिन्यांनी पोस्ट काढून, पुसून, पुन्हा अँटी-सीझ लावून बसवा. अडकलाच तर गॅसची ज्योत नळीवर धरू नका. भेदक तेल, एक दिवसाची वाट, मग चांगला मेकॅनिक.

कुरकुर ऐकू आली की लोकांना फ्रेम तुटल्याची शंका येते. बहुतेक वेळा दोषी दुसराच असतो. उभं राहून पेडल मारल्यावर आवाज थांबला तर सीटपोस्ट, क्लॅम्प किंवा सीटच्या रेल बघा. पेडल न मारता, फक्त हँडल ओढल्यावर आला तर हेडसेट. पेडलच्या प्रत्येक फेरीत एकदा येत असेल तर आधी पेडल, क्रँक, चेनरिंगचे बोल्ट, मग बॉटम ब्रॅकेट. हँगरचा बोल्ट आणि थ्रू-अ‍ॅक्सल हे दोघं सगळ्यात शेवटी आठवतात. ते सुरुवातीलाच काढून, पुसून, ग्रीस लावून टॉर्क पान्याने आवळा. डिस्क घासत असेल आणि कॅलिपर कितीही हलवून जमत नसेल, तर फ्लॅट माउंटची (कॅलिपर बसवायची फ्रेमवरची जागा) बसकण समतल नाही. ती योग्य हत्याराने मशीन करून घ्यावी लागते, आणि नव्या फ्रेमवर तो खर्च विक्रेत्याने सोसावा.

तडा शोधायचा तर फ्रेम स्पिरिटने पुसा आणि वेल्डच्या अगदी लगतची नळी बघा: चेनस्टे बॉटम ब्रॅकेटला मिळतात तिथे, सीट ट्यूबच्या वरच्या जोडाजवळ, डाउन ट्यूबच्या हेड ट्यूबकडच्या टोकाला, बाटलीच्या बोल्टभोवती आणि केबलच्या भोकांच्या कडांना. पुसल्यावरही केसासारखी काळी रेघ पुन्हा उमटली तर सायकल बाजूला ठेवा, अनुक्रमांकासह फोटो काढा आणि बनवणाऱ्याला पाठवा. हमी संपली असेल तरीही दुरुस्ती होऊ शकते, पण ती नळीच्या आत आर्गॉन भरून काम करणाऱ्याकडेच. ‘आतून गॅस सोडता का?’ असं विचारल्यावर समोरचा गोंधळला, तर फ्रेम तिथे ठेवू नका.