बँक विलीनीकरणाआधी कमावलेला बेकायदा नफा कसा वसूल होतो

विलीनीकरण जाहीर होण्याआधी आतली खबर लागलेला माणूस समभाग घेतो, तेव्हा त्याचा नफा त्याच दिवसांत बेसावधपणे समभाग विकणाऱ्या सामान्य भागधारकाचे नुकसान असते. म्हणून सेबीकडे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाकडे, तक्रार करताना नुसता संशय कळवू नका, तारखा द्या.

पहिला प्रश्न असा, की माहिती नेमकी कधी जन्माला आली? घोषणेचा दिवस उपयोगाचा नाही. सल्लागार कधी नेमले, समभागांच्या अदलाबदलीचे गुणोत्तर कधी ठरू लागले, हे पाहावे लागते. एचडीएफसी लिमिटेडच्या 25 समभागांमागे एचडीएफसी बँकेचे 42, हे गुणोत्तर 4 एप्रिल 2022 रोजी जाहीर झाले; असे आकडे ठरवताना मूल्यांकनकार, वकील, संचालक अशी बरीच माणसे गुंतलेली असतात. माहिती कोणाला दिली, त्याचा पॅन आणि वेळ यांची नोंद कंपनीने ठेवणे बंधनकारक आहे. ती नोंद आणि डिमॅट खात्यातील खरेदी शेजारी ठेवली की चित्र स्पष्ट होते. मात्र केवळ नातेसंबंधावरून माहिती पोचली असे गृहीत धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बलराम गर्ग प्रकरणात म्हटले आहे. त्यामुळे फोन, भेटी आणि पैशांचा माग महत्त्वाचा ठरतो.

समजा, 80 रुपयांनी 20,000 समभाग घेतले आणि घोषणेनंतर भाव 104 वर बंद झाला. समभाग विकले नसले, तरी 4,80,000 रुपये नफा धरता येतो. त्यावर 12 टक्के सरळ व्याज लावले, तर तीन वर्षांचे 1,72,800 होतात. दंड वेगळा: किमान 10 लाख, आणि कमाल 25 कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यांपैकी जे जास्त असेल ते.

पैसे हलवले जाण्याची भीती असेल, तर सेबी अंतरिम आदेशाने रक्कम आधीच अडकवून ठेवते. अंतिम आदेशाविरुद्ध 45 दिवसांत रोखे अपील न्यायाधिकरणाकडे जाता येते. तरीही भरणा झाला नाही, तर सेबी कायद्याच्या कलम 28अ खाली वसुली अधिकारी बँक खाती व मालमत्ता जप्त करतो, प्रसंगी अटकही करवू शकतो. वसूल झालेला बेकायदा नफा गुंतवणूकदार संरक्षण व शिक्षण निधीत जमा होतो.