शाळा समितीवर नाव आलंय? मग आधी मिटिंग खरी घ्या

पहिल्या वर्षी मी शाळा व्यवस्थापन समितीवर होतो आणि वर्षभरात एकही मिटिंग बघितली नाही. सहावीतला एक पोरगा रजिस्टर घेऊन घरी यायचा, "सरांनी सही सांगितलीय", मी म्हशीची धार काढता काढता हात पुसून सही ठोकायचो. एकदा सहज वरचा मजकूर वाचला तर लिहिलेलं की सर्व सदस्य हजर, सविस्तर चर्चा झाली, चहापानानंतर सभा संपली. म्हटलं निदान चहा तरी पाजायचा राव. तर ज्यांची पोरं सहावी ते आठवीत आहेत आणि शाळेचं काहीतरी करावं असं मनात आहे त्यांनी सगळ्यात आधी ते रजिस्टर खरं करायचं, रंगरंगोटी आणि डिजिटल बोर्ड नंतर.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातलं कलम २१ एकदा वाचून घ्या, छोटंसंच आहे. समितीत ७५% आईवडील किंवा पालक पाहिजेत आणि सदस्यांत निम्म्या बायका. अध्यक्ष पालकांतला आणि हेडसर सचिव. जिल्हा परिषद, नगरपालिकेच्या शाळांना हे पूर्ण लागू आहे, अनुदानित शाळेत समितीचं काम सल्ल्यापुरतं, आणि विनाअनुदानित असेल तर तिथं पालक शिक्षक संघातून घुसावं लागतं.

आता मिटिंगची वेळ. इथंच सगळं बिघडतं. मास्तर लोक तालुक्याहून ये-जा करणारे, त्यांना संध्याकाळी सातला थांबा म्हटलं तर जमत नाही, आणि दुपारी ठेवली तर बाया रानात असतात, मग येतं कोण तर रिकामी चार माणसं ज्यांचं एकही पोर शाळेत नाही. आमच्याकडं बाजार शनिवारी, त्या दिवशी मजुरीला सुट्टी आणि शाळा पण सकाळची, मग शाळा सुटली की अकराला मिटिंग असं ठरवलं. बाजाराला जाता जाता बाया पिशव्या घेऊनच येतात, तासाभरात उरकायचं, आढेवेढे नाही. तुमच्या गावचा असा दिवस कोणता ते बायांनाच विचारा, पुरुषांना नाही.

आणि बायांना बोलू द्या म्हणजे खरंच बोलू द्या. आमच्या पहिल्या खऱ्या मिटिंगला आम्ही पुरुष मंडळी अर्धा तास टीव्ही कुठल्या वर्गात लावायचा यावर भांडत होतो. सातवीच्या बाईंनी हजेरीपट आणला होता, पटावर अकरा मुली, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर तीन-चार जणी रोज गायब. हेडसर म्हणाले पोरींना अभ्यासाची गोडी नाही. तेवढ्यात मागं बसलेली एक आई हळूच म्हणाली, "संडासाला आतून कडी नाही सर." खल्लास, सगळे गप्प. संडास होता, टाकीत पाणी होतं, दरवर्षी तपासणीच्या कागदावर टिक पण होत होती, फक्त कडी तुटलेली, त्यामुळं मोठ्या पोरी घरी जायच्या आणि ज्यांचं घर वस्तीवर लांब त्या परत यायच्याच नाहीत. एका पालकाचं वेल्डिंगचं दुकान आहे, त्यानं त्याच दिवशी बाजारातनं येऊन कडी बसवली, वर दाराला खालून पत्रा पण मारला. सगळ्याच पोरी लगेच यायला लागल्या असं नाही, पण टीव्हीचा विषय तिथंच मागं पडला.

म्हणून मिटिंगला हजेरीपट मागवाच. मास्तर चांगला की वाईट यावर बोलायला लागलं की भांडण, आणि हजेरीपट समोर असला की सगळे पोरांबद्दल बोलतात. कोण सोमवारी येत नाही, कांदा काढणीला कुणाची पोरं पंधरा दिवस जातात, कुणाचे आईबाप ऊसतोडीला गेले आणि पोरगं आजीकडं आहे, हे मास्तरला कागदावर दिसतं आणि कारण गावाला माहीत असतं.

मास्तरांची बाजू पण समजून घ्या, मी घेत नव्हतो आधी. ऑनलाइन माहिती भर, मतदार यादीचं काम, खिचडीचा हिशोब, फोटो टाक, यात तास जातात. यातलं काही आपण उचलू शकतो. आमच्यात आठवड्याला दोन आया खिचडी शिजताना येतात, आधी चव घेतात आणि चवीच्या रजिस्टरवर सही करतात, तांदूळ मोजताना पण उभ्या राहतात, सहावी ते आठवीला एका पोरामागं १५० ग्रॅम बसतो. तेवढा वेळ बाई वर्गात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा नियम एकच, कुठल्याही मास्तरची तक्रार तिथं टाकायची नाही, समोर बसून बोलायची. आणि ते गुड मॉर्निंगचे फुलं-फुलं बंद करा बाबा.

अभ्यासाचं एक करून बघा. सहावीच्या पोराला तिसरीचं पुस्तक वाचायला द्या, एकट्याला, बाजूला बसवून, सगळ्यांसमोर नाही. आमच्यात बाईंनी आणि दोन पालकांनी मिळून आठवडाभर ऐकलं, जे निघालं ते सांगायला लाज वाटेल असं होतं. पण मग बाईंनी अडखळणाऱ्यांची वेगळी वीस मिनिटं काढली आणि घरी आम्ही ठरवलं की जेवणाआधी पोरानं आईला काहीतरी मोठ्यानं वाचून दाखवायचं, आईला वाचता येत नसलं तरी चालतं, खताच्या पिशवीवरचं का असेना. आठवीला एनएमएमएस म्हणजे केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते ती पण घरोघरी सांगा, पास होऊन यादीत आलं तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० मिळतात, उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, शेवटच्या दिवशी तहसीलला रांग असते.

पैशाचं: समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषात शाळेला पटावर अनुदान ठरलंय, ३१ ते १०० पटाला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, त्यातले किमान १०% स्वच्छतेवर. हातात कधी आणि किती पडतं तो वेगळा विषय, पण खर्च मिटिंगमध्ये वाचून दाखवायला सांगा, हेडसर खरे असले तर त्यांनाच बरं वाटतं. याच्यावरचं मोठं काम ग्रामपंचायतीकडं, समितीचा ठराव घेऊन ग्रामसभेत जायचं, आराखड्यात नाव घालून घ्यायचं.

विषयशिक्षक नसेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र. सहावी ते आठवीला गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना निदान एकेक शिक्षक आणि ३५ पोरांमागं एक, असं कायद्याच्या परिशिष्टात आहे, ते पत्रात लिहा. तोंडी सांगून यायचं नाही, आवक शिक्का मारलेली पोच घ्यायची आणि ती रजिस्टरला डकवायची. पुढच्या मिटिंगला पहिलं काम, मागचं इतिवृत्त मोठ्यानं वाचायचं आणि प्रत्येक ठरावापुढं झालं, नाही झालं, कुणाकडं अडकलं हे तिथंच लिहायचं. आमचा कुंपणाचा विषय असा चार मिटिंगा झाल्या लाल पेननं पुढं ढकललाय. या शनिवारी परत पहिला तोच आहे, आणि सरपंचांना पण बोलावलंय, चहा त्यांच्याकडून.