नीटची आन्सर की चुकली वाटली तर काय करायचं

आमच्या सांगलीत दरवर्षी बघते, नीटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची आन्सर की (बरोबर उत्तरांची यादी) आली की पोरं ग्रुपवर वाद घालत बसतात आणि चॅलेंजची, म्हणजे चुकीच्या उत्तरावर हरकत घ्यायची मुदत निघून जाते, दोन-तीनच दिवस असतात हो. निकालानंतर रीचेकिंग नाही, म्हणून जे करायचं ते आत्ताच.

परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या साईटवर लॉगिन करा, आधी स्वतःचं ओएमआर (गोल भरलेली उत्तरपत्रिका) बघा, भरलेला गोल मशीननं नीट वाचलाय का ते. मग आपल्या पेपरचा कोड बघून उत्तरं जुळवा, इथं घाईत फार जण चुकतात. चॅलेंज करायला एका प्रश्नाला २०० रुपये, परत मिळत नाहीत, पेमेंट केलं नाही तर चॅलेंज धरत नाहीत, पावती डाऊनलोड करून ठेवा.

चॅलेंजला पुरावा एनसीईआरटीच्या अकरावी-बारावीच्या पुस्तकाचा, आणि तोही नव्या आवृत्तीचा. २०२४ ला फिजिक्सच्या एका प्रश्नाला जुन्या पुस्तकामुळे दोन पर्याय बरोबर धरले होते, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच बरोबर सांगितला आणि चार लाखांवर पोरांचे ५ मार्क गेले. म्हणून पालकांनो, क्लासच्या नोट्सवर विसंबून पैसे भरू नका, आधी पुस्तकातलं पान उघडून पोरासोबत बसा.