ढेकळावर आदळलेला बॉल आणि माझा पहिला ‘ई6’

परभणीच्या मैदानावर विभागीय शालेय बेसबॉल स्पर्धेत मी पहिल्यांदा स्कोररच्या टेबलावर बसलो. शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या फील्डरकडे, सरपटत गेलेला बॉल उडून त्याच्या खांद्यावरून गेला आणि मी लगेच शीटवर ‘ई6’ लिहिलं, म्हणजे शॉर्टस्टॉपची एरर, फील्डिंगमधली चूक. शेजारचे ज्येष्ठ स्कोरर म्हणाले, "बॉल कशावर आदळला?"

"ढेकळावर, सर."

"मग ते लेकराच्या नावावर काऊन?"

मी खोडून हिट लिहिली, म्हणजे बॅटरने स्वतःच्या फटक्यावर कमावलेला बेस.

आउट-सेफ अंपायर ठरवतो. बॅटर बेसवर कशामुळे पोहोचला, हे स्कोरर ठरवतो. नियमातली कसोटी ‘साधारण प्रयत्ना’ची आहे: त्या पातळीच्या स्पर्धेत त्या जागेवरच्या सर्वसाधारण फील्डरला हे जमायला हवं होतं का? मैदान आणि हवामान लक्षात घ्या, असंही तिथेच लिहिलंय. आपल्या भेगाळलेल्या काळ्या मातीला ते वाक्य फार लागू पडतं. म्हणून मॅचआधी मी इनफिल्डमधून, म्हणजे बेसच्या आसपासच्या भागातून, एक चक्कर मारतो. कुठे खड्डा, कुठे ढेकूळ, ते आधीच पाहून ठेवा.

‘हात लागला तर एरर, नाही लागला तर हिट’ हा आपल्याकडचा लाडका गैरसमज. सोपा बॉल न शिवता पायांमधून गेला तरी एररच. उलट फील्डरने चुकीच्या बेसकडे थ्रो केला किंवा पिचर पहिला बेस कव्हर करायला गेलाच नाही, तर ती डोक्याची चूक. तिला एरर नाही. पिच प्लेटच्या आधी जमिनीवर टेकून कॅचरला चकवून गेली आणि रनर पुढे सरकला, तर वाइल्ड पिच, म्हणजे दोष पिचरचा. तिथे फार डोकं चालवावं लागत नाही.

आकड्यांना घाबरू नका. पिचर 1, कॅचर 2, पहिला बेस 3, दुसरा 4, तिसरा 5, शॉर्टस्टॉप 6, मग डावीकडून उजवीकडे आउटफिल्ड 7, 8, 9. स्ट्राइकआउटचा (तीन स्ट्राइकवर बॅटर आउट) ‘के’ हेन्री चॅडविकने रूढ केला, आणि तो आधी क्रिकेटच्या बातम्या लिहायचा! पेन्सिल आणि खोडरबर मात्र घरूनच न्या.

माझी सगळ्यात मोठी चूक डबल प्लेची, म्हणजे एकाच फटक्यावर दोन आउट. एक आउट, रनर पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर. शॉर्टस्टॉपने दुसऱ्या बेसला दिलं, आउट. तिथून पहिल्या बेसचा थ्रो वाकडा गेला, बॅटर वाचला, पण पुढे कुणी जास्तीचा बेस घेतला नाही. तिसऱ्यावरचा रन झाला. मी दुसऱ्या बेसवाल्याला एरर दिली, त्यामुळे तो रन पिचरच्या खात्यात अर्न्ड, म्हणजे त्याच्या जबाबदारीचा, धरला गेला नाही. रात्री लॉजवर नियम उघडला: डबल प्ले होणारच होती, असं गृहीत धरायचं नसतं. एक आउट मिळाला ना? मग त्या थ्रोला एरर नाही, आणि रन अर्न्ड.

निर्णय बदलायला 24 तास असतात. सकाळी चहाच्या टपरीवर त्या पिचरच्या टीमच्या कोच सरांना आधी सांगितलं, मग शीट दुरुस्त केली. त्यांनी कप ठेवला, "रात्रीतून आमच्या पोराच्या नावावर रन चढवला का?" म्हणाले आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.