मंडळीतून कुपोषित मुलांसाठी काम करायचंय? आधी आईचा दिवस बघा

मागच्या काही महिन्यांत दोन-तीन मंडळ्यांतल्या, म्हणजे चर्चमधल्या, तरुण संघाच्या मुलांनी विचारलं, ताई आम्हाला पण कुपोषित मुलांसाठी काहीतरी करायचंय, कुठून सुरू करू, किट वाटू का. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी नंदुरबार जिल्ह्यात नवापूरकडच्या पाड्यांवर चर्चच्या टीमसोबत फिरते, डॉक्टर नाही की नर्स नाही, त्यामुळे औषधाचं काही सांगणार नाही, घरोघरी जाऊन जे शिकले तेवढंच.

किटपासूनच सुरू करते कारण आम्ही पण तिथेच चुकलो होतो. पहिल्या वर्षी तांदूळ, डाळ, तेल, गूळ, बिस्किटाचे पुडे असं सगळं पिशवीत भरून घरोघरी दिलं, प्रार्थना केली, आलो. महिन्याने वजन केलं तर काटा जागचा हलला नव्हता. मला फार वाईट वाटलं, मग एका घरी सकाळी सहा वाजता जाऊन संध्याकाळपर्यंत बसले तेव्हा कळलं. घरात सात माणसं, किट पाच-सहा दिवसांत संपलेलं. आई सकाळीच मजुरीला जायची, बाळ दिवसभर सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. त्या बाळाला खायला मिळायचं दोन वेळा, आई निघायच्या आधी आणि आई आल्यावर. आता बघा, सात किलोच्या मुलाच्या पोटात एका वेळी साधारण 200 मिली मावतं, म्हणजे आपली एक वाटी. दोन वाट्यांवर मूल कसं भरणार? त्याला दिवसातून पाच-सहा वेळा खायला पाहिजे, आणि मग खरा प्रश्न येतो की भरवणार कोण. या कामात तुम्ही जे जे ठरवाल ते या प्रश्नाला धरून ठरवा. आईचा वेळ कसा वाचेल, ती नसताना कोण भरवेल, ती आजारी पडली तर काय.

हे काही आम्ही शोधून काढलेलं नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 मध्ये जामखेडला गेले, दोघंही ख्रिस्ती डॉक्टर, मनात आणलं असतं तर कुठेही मोठा दवाखाना टाकला असता. पण गावात जाऊन विचारलं तर लोक आधी पाणी आणि अन्न मागत होते. मग त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या, बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, दलित समाजातल्याही होत्या, त्यांना शिकवून गावाची आरोग्य कार्यकर्ती बनवलं. 1979 साली या जोडप्याला मॅगसेसे मिळालं. त्याच्याही आधी 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना केडगावला घेऊन आल्या होत्या. म्हणजे उपाशी लेकरांजवळ जाऊन बसायचं हे आपल्या मराठी मंडळीत जुनं आहे, आपण फक्त त्यात हात लावतोय.

आता काम. सगळ्यात आधी अंगणवाडी ताईकडे आणि आशा ताईकडे जा, आणि जाताना आम्ही तुमच्या चुका काढायला आलोय असं वाटू देऊ नका. दर महिन्याचं वजन, उंची, सॅम कोण, मॅम कोण, हे सगळं त्यांच्याकडे असतं. सॅम म्हणजे अति तीव्र कुपोषित, मॅम म्हणजे मध्यम. घरपोच आहार, ग्राम बाल विकास केंद्र (अंगणवाडीत कुपोषित मुलांना खास आहार देतात ते), आदिवासी भागातली अमृत आहार योजना हे सगळं सरकारचं आहे आणि त्या लेकराच्या हक्काचं आहे. आपण वेगळं काही उभारण्यापेक्षा ते त्याच्या तोंडापर्यंत पोचतंय ना ते बघायचं. अंगणवाडी दोन पाडे सोडून पलीकडे असेल, मधे नाला असेल, तर पावसाळ्यात ती मुलं तिथे जातच नाहीत, तिथे आपली दोन माणसं रोज मुलांना घेऊन जाऊ शकतात. दिसायला लहान काम आहे पण आमच्याकडे याचाच सगळ्यात जास्त फरक पडला.

दंड मोजायची रंगीत पट्टी प्रत्येकाने शिकून घ्या, आशा ताई दहा मिनिटांत शिकवते. 6 महिने ते 5 वर्षांच्या मुलाचा डावा हात कोपरात वाकवायचा, खांद्याचं हाड आणि कोपर याच्या बरोबर मध्ये खूण करायची, मग हात सरळ खाली सोडायचा आणि पट्टी गुंडाळायची, आवळायची नाही आणि ढिलीही सोडायची नाही. 11.5 सेंटीमीटरच्या खाली आलं तर लाल, म्हणजे सॅम. 11.5 ते 12.5 पिवळं, म्हणजे मॅम. 6 महिन्यांच्या आतल्या बाळाला ही पट्टी लावून ठरवू नका, ते बाळ बारीक वाटलं, दूध ओढत नसलं, तर सरळ डॉक्टरकडे.

आणि पाय बघायचे, हे विसरूच नका. एका घरी आजी मला म्हणाली अगं याचे पाय बघ किती भरलेत, हा कसला कुपोषित. मी दोन्ही पावलांवर अंगठा ठेवून तीन सेकंद दाबला, उचलला तर खड्डा तसाच. आजीला म्हटलं तुम्ही दाबून बघा. तिने दाबलं, बोट काढलं, त्या खड्ड्याकडे बघत राहिली, मग काही न बोलता उठली आणि आतून पिशवी आणून बाळाचे कपडे भरायला लागली. ती सूज असते, दोन्ही पायांवर असेल तर पट्टी काहीही सांगो, त्याच दिवशी दवाखाना. तसंच मूल खातच नसेल, सगळं ओकत असेल, झटके येत असतील, मलूल पडलं असेल, अंग गार लागत असेल, तर एक तास पण थांबू नका, 108 ला फोन करा. गाडी येईपर्यंत मूल आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून वरून गोधडी घ्यायची, कारण अशी मुलं लगेच गार पडतात. शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तर 50 मिली पाण्यात एक चमचा साखर विरघळवून चमच्या-चमच्याने द्यायचं.

आता एनआरसीबद्दल, म्हणजे पोषण पुनर्वसन केंद्र. तिथे साधारण 14 दिवस राहावं लागतं आणि आया नाही म्हणतात. आपल्या लोकांना वाटतं अज्ञान आहे. अज्ञान कसलं, तिच्या घरी अजून तीन पोरं आहेत, शेळ्या आहेत, कोंबड्या आहेत, नवरा कामावर, म्हातारी सासू, चौदा दिवस कोण बघणार? बुडीत मजुरी मिळते खरी, पण पैशाने शेळीला चारा पडत नाही. मंडळीने खरं काम करायचं असेल तर इथे करा. आमच्या महिला मंडळाने वही केली, कोणत्या दिवशी कोण त्या घरी भाकरी टाकेल, कोण पाणी भरेल, कोण शेळ्या नेईल, रात्री पोरांजवळ कोण झोपेल. पहिल्यांदा ज्या बाईसाठी केलं ती चौथ्या दिवशी पळून येणार होती, दवाखान्यातून फोन आला, मग आम्ही मोबाईलवर तिला तिच्या शेळ्या दाखवल्या, पोरं जेवताना दाखवली, आणि ती राहिली पूर्ण चौदा दिवस. मुलीचा दंड दवाखान्यात जाताना 11.1, म्हणजे लाल होता. ती बाई आज दुसऱ्यांच्या घरी पाणी भरायला सगळ्यात आधी उभी राहते.

एनआरसीत पहिले काही दिवस मुलाला थोडं थोडं खास दूध देतात आणि घरचे म्हणतात आमचं लेकरू उपाशी ठेवलंय. त्यांना समजावून सांगा. फार दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपूर दिलं तर ते झेपत नाही, जीवावर बेतू शकतं, म्हणून आधी हलकं दूध, मग ताकदीचं. चोरून बिस्किटं-भजी नेऊ नका.

घरी सांभाळायची मुलं म्हणजे पिवळी, आणि दवाखान्यातून परत आलेली. इथे सगळं घरात जे आहे त्यातूनच करायचं, बाहेरचा डबा आणला की डबा संपला की संपलं. आमच्याकडे ज्वारी, मका, नागली (नाचणी), तूर, उडीद, भुईमूग, तांदूळ हे कमी-जास्त प्रत्येक घरात असतं. चूक होते ती पातळ देण्यात. भाताची पेज, डाळीचं वरचं पाणी, पोट भरतं पण त्यात ताकद नसते. पेज अशी पाहिजे की चमचा तिरका केला तर लगेच वाहून जाता कामा नये. आणि प्रत्येक वाटीत एक चमचा तेल, कच्चंच वरून घातलं तरी चालतं. एका चमच्यात 45 कॅलरी जातात आणि पोटात जागा काही वाढत नाही. पहिल्यांदा सांगितलं की आया घाबरतात, तेलाने खोकला होईल म्हणतात, मग मी स्वतः त्यांच्यासमोर घालून भरवते आणि दुसऱ्या दिवशी विचारायला जाते.

नागलीचं सत्व मी सगळ्यांना शिकवते. नागली रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, उन्हात वाळवायची, मंद भाजायची, दळायची. गंमत अशी की घट्ट पेजेत हे पीठ चमचाभर टाकून ढवळलं की पेज सैल होते, पाणी न घालता, म्हणजे लेकराला गिळायला सोपं आणि ताकद तेवढीच. सोबत भाजलेल्या शेंगदाण्याचा बारीक कूट (अख्खा दाणा लहान मुलाला कधीच नाही, घशात अडकतो), गूळ, असेल तेव्हा अंडं, शेवग्याचा पाला. आणि 2 वर्षांपर्यंत अंगावरचं दूध चालूच. दुधाच्या पावडरचे डबे मात्र दान म्हणून कोणी दिले तरी बाळांना वाटू नका, अशा वाटपावर 1992 च्या कायद्याने बंदी आहे आणि त्याला कारण आहे, पाणी खराब, बाटली धुतलेली नसते, जुलाब लागतात आणि आईचं दूधही आटतं.

भरवायला कोण, तर आजी, मोठी बहीण, शेजारीण, जी कोणी दिवसा घरी असेल ती. तिलाच शिकवा. आईने सकाळी सत्व-गूळ-कूट मिसळून डब्यात ठेवायचं, वाटी त्या बाळाची वेगळी, आणि उन्हात अंगणात सावली कुठवर आली की द्यायचं हे ठरवून टाकायचं, आमच्या आज्यांना घड्याळापेक्षा ते बरोबर जमतं. बाळ दोन घास खाऊन तोंड फिरवतं, तेव्हा उठायचं नाही, बोलत, गाणं म्हणत, पुन्हा द्यायचं. एक वाटी भरवायला अर्धा तास लागतो हो, तेवढा वेळ द्यावाच लागतो.

दर आठवड्याला त्याच वारी, त्याच काट्यावर वजन. सहा किलोचं मूल भरायला लागलं की आठवड्याला 200 ग्रॅमच्या आसपास वाढताना दिसायला पाहिजे. दोन आठवडे काहीच वाढलं नाही तर आईला बोलू नका, दवाखान्यात दाखवा, कदाचित टीबी असेल, घरात कोणाला खोकला आहे का विचारा. जुलाब लागले की झिंक 14 दिवस, जुलाब थांबले तरी पूर्ण कोर्स. सॅम मुलाला ओआरएस मात्र नर्सताईला विचारूनच. जंताची गोळी फेब्रुवारी आणि ऑगस्टला अंगणवाडीत मिळते, ती चुकवू नका.

पोट फुगलं की काही ठिकाणी अजून मुलांच्या पोटावर चटके देतात. ते बघून राग येतो, मला पण येतो, पण बडव्याशी (आमच्याकडचा भगत, झाडफूक करणारा) भांडून काही होत नाही. आमच्या इथल्या एका बडव्याला आम्ही पट्टी शिकवली, आता तो लाल पट्टीचं मूल आलं की आधी आमच्याकडे पाठवतो.

आता आपल्या लोकांसाठी, मनापासून सांगते. खाण्याच्या वाटीला कुठलीही अट लावू नका. भक्तीला आलात तर मिळेल, असं तोंडातून तर नाहीच, वागण्यातून पण दिसता कामा नये. ज्या घरात बाप्तिस्मा झालेला नाही आणि कधी होणारही नाही तिथे तेवढ्याच वेळा जायचं. प्रार्थना करू का विचारा, हो म्हणाले तर करा, नाही म्हणाले तर वाटी धुवून ठेवा आणि या. बायबलमध्ये याईराच्या मेलेल्या मुलीला प्रभू येशूने उठवलं तेव्हा घरच्यांना पुढचं काय सांगितलं आठवतं ना, तिला खायला द्या. तिच्या आईबापाकडून त्याने बदल्यात काही मागितलं नाही. आणि फोटो नकोत, हाडं दिसणाऱ्या लेकराचा फोटो ग्रुपवर टाकून अर्पण गोळा करू नका, ते मोठं होईल, शाळेत जाईल. पैशाचा हिशोब महिन्याला मंडळीसमोर वाचा. बाहेरच्या देशातून कोणी पाठवतो म्हणाला तर एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याची) नोंदणी असल्याशिवाय एक रुपया घेऊ नका.

शेवटचं स्थलांतराचं. दिवाळीनंतर पाडेच्या पाडे रिकामे होतात, ऊसतोडीला, वीटभट्टीला, गुजरातकडे, आणि इथे सहा महिन्यांत वजन भरलेलं मूल तिकडे परत उतरतं. निघायच्या आठवड्यात प्रत्येक घरी जाऊन वजन करा, लसीचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात द्या, कुठे चाललेत ते गाव आणि मुकादमाचा नंबर वहीत लिहून घ्या, दोन महिने पुरेल एवढं सत्वाचं पीठ सोबत बांधून द्या. तिकडच्या अंगणवाडीत पण आपल्या मुलाला आहार मिळतो हे त्यांना माहितीच नसतं, ते सांगा. पंधरा दिवसांनी एक फोन करा. आणि होळीला गाड्या परत यायला लागल्या की ढोल वाजायच्या आधी पट्टी खिशात घालून पाड्यावर हजर राहा, कारण लाल पट्टीची मुलं सगळ्यात जास्त त्याच आठवड्यात सापडतात.