मातीत गाडलेल्या भिंतीची ओल: आधी परड्यात जा, मग खोलीत

आमचं घर राजापूर तालुक्यात उतारावर आहे. पुढून पाहिलं तर दोन मजले, परड्यातून, म्हणजे मागच्या आवारातून पाहिलं तर एकच. खालच्या खोलीची मागची भिंत वरपर्यंत मातीत. सासऱ्यांनी १९६८ साली चिऱ्यात, म्हणजे जांभ्या दगडात बांधलेली, चांगली दीड फूट जाडीची. कोकणात याला कोणी तळघर म्हणत नाही, पण भिंतीच्या एका अंगाला माती आणि दुसऱ्या अंगाला माणसं म्हटल्यावर दुखणं तळघराचंच. याच खोलीत मी आंब्याची अढी घालते, आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या रसाच्या बरण्या ठेवते. त्यामुळे ही भिंत ओली राहिली की माझं वर्षाचं गणित बिघडतं.

२०२१ च्या एप्रिलमध्ये शहरातून एक कंत्राटदार आणला. त्यानं आतून सगळ्या भिंतीला पांढरं वॉटरप्रूफ कोटिंग मारलं. अठ्ठावीस हजार रुपये झाले. गणपतीत आरास करायला खाली उतरले तर भिंतीवर पुरीएवढे फोड. एक टाचणीनं फोडला, तर पाण्याची चिळकांडी थेट माझ्या मनगटावर आली. पापुद्रा ओढला तसा गिलावाही हातात आला आणि त्याच्यामागून चिऱ्याची लाल, ओली भुकटी खाली सांडली. कोटिंगनं पाणी थांबवलं नव्हतं, भिंतीतच कोंडून ठेवलं होतं.

मग आमच्या वाडीतल्या जुन्या गवंड्यांना बोलावलं. त्यांनी खोलीत पाऊलही टाकलं नाही. म्हणाले, "वहिनी, आधी परड्यात चला." पुढचं सगळं त्या दिवसापासून शिकलेलं आहे.

पाणी किती, ते आधी समजून घ्या

आमच्या मागच्या उताराच्या कौलांचं क्षेत्रफळ साधारण चाळीस चौरस मीटर. शंभर मिलिमीटर पाऊस झाला की तेवढ्या छपरावरून चार हजार लिटर पाणी पागोळ्यांनी थेट भिंतीच्या पायाशी उतरतं. आणि रत्नागिरी जिल्ह्यात शंभर मिलिमीटरचे दिवस पावसाळ्यात काही एकदोन नसतात. हे पाणी मातीत साठलं की भिंतीला रेटतं. भिंतीमागे एक मीटर उंचीचं पाणी उभं असेल, तर तळाशी दर चौरस मीटरला सुमारे एक टन दाब येतो. आतून मारलेला रंग एवढा रेटा सोसू शकत नाही, कारण हा दाब त्याला भिंतीपासून सोलायलाच बघत असतो. बाहेरून मारलेला थर मात्र तोच दाब भिंतीवर घट्ट बसवतो.

ओल कुठली ते कसं ओळखायचं

घाई करू नका. एक पावसाळा भिंत वाचा. मी पेन्सिलनं ओलीच्या कडेनं रेघ ओढायची, शेजारी तारीख लिहायची. तेवढ्यावरून निम्मं उत्तर मिळतं. पाऊस सुरू झाल्यावर तासा-दोन तासांत डाग वाढला, तर पाणी वरून येतंय: पागोळ्या, फुटलेली पन्हळ, भिंतीकडे उतरलेलं परडं. पाऊस उघडल्यावरही चार-आठ दिवस ओल हटत नसेल, तर मागची जमीनच भरलीय. आणि दिवाळीनंतर, कोरड्या हवेतही एखादा डाग तसाच राहत असेल, तर ते पावसाचं पाणी नव्हेच. तिथे घरातलं पाणी शोधा.

आमच्या भिंतीवर असा एक डाग होता, परातीएवढा, कोपऱ्यापासून चार फुटांवर. जानेवारीतही हाताला गार लागायचा. परड्यात त्याच्या बरोबर वर काय, तर न्हाणीच्या पाण्यावर लावलेल्या केळी आणि अळू. कोकणात न्हाणीचं पाणी केळीला जातं, त्यात वावगं काहीच नाही, फक्त ती केळ भिंतीपासून दोन हातांवर नको. आम्ही आठ दिवस न्हाणीचं पाणी पाइप लावून लांब सोडलं. नवव्या दिवशी डागाची कड पेन्सिलच्या रेघेपासून बोटभर आत सरकली होती. पाण्याच्या टाकीवर शंका असेल, तर रात्री पातळीची खूण करा, कोणी नळ सोडू नका आणि सकाळी पाहा.

ओल बाहेरून झिरपतेय की खोलीतली दमट हवाच गार भिंतीवर पाणी धरतेय, हे ओळखायला साधी युक्ती आहे. फूट-दीड फुटाचा स्वच्छ प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि एक दिवस ठेवा. तुकड्याच्या मागे थेंब दिसले तर पाणी भिंतीतून येतंय, पुढच्या बाजूवर दिसले तर हवेतून. हवेतलं असेल तर भर पावसात त्या खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवू नका, उघडीप पडली की उघडा. बऱ्याच जणी उलट करतात.

पांढरी बुरशीसारखी भुकटी दिसते तो लोणा. बुरशी नाही, क्षार आहेत. पाणी भिंतीतले क्षार विरघळवून बाहेर आणतं, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. लोणा कधीही पाण्यानं धुऊ नका, क्षार विरघळून परत आत जातात. कोरड्या ब्रशनं झाडा, खाली कागद धरा आणि भुकटी घराबाहेर टाका. चिऱ्यावर आम्ल तर मुळीच नको.

त्यानंतर हातोडीच्या दांड्यानं भिंत वाजवत जा. खणखणीत वाजली तर ठीक, बद वाजली तिथे गिलावा सुटलाय. दरजांमध्ये, म्हणजे दोन चिऱ्यांमधल्या सांध्यांत स्क्रूड्रायव्हर टोचा. सहज इंचभर आत गेला तर दरजा मेलेल्या आहेत.

तडे

गिलाव्यावरच्या जाळ्यासारख्या केसभर भेगांचं दुःख करू नका. काँक्रीटच्या भिंतीत उभी, बारीक, वरपासून खालपर्यंत सारख्या रुंदीची भेग बहुतेक वेळा काँक्रीट वाळताना आक्रसल्याची असते. जिन्याच्या पायऱ्यांसारखी दरजांमधून चढत जाणारी भेग सांगते की पाया एका बाजूला खचलाय. सगळ्यात वाईट ती आडवी भेग, भिंतीच्या मध्याच्या आसपास. मागची माती भिंतीला आत ढकलतेय, असा तिचा अर्थ.

भेग जिवंत आहे का, हे काच सांगते. फोटो फ्रेमवाल्याकडून पातळ काचेची चार इंच लांब पट्टी कापून आणा. भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं इपॉक्सीनं चिकटवा आणि तारीख लिहा. भिंत हलली की काच तडकते.

भिंतीचा फुगारा, म्हणजे ती किती फुगून पुढे आलीय ते मोजायला ओळंबा लागतो. भिंतीच्या माथ्याला खिळा मारून ओळंबा सोडा, प्रत्येक फुटावर दोरी आणि भिंत यांतलं अंतर पट्टीनं मोजून वहीत लिहा. सहा महिन्यांनी परत मोजा. आडवी भेग, इंचाहून जास्त फुगारा, पाच मिलिमीटरहून रुंद तडा, भेगेची एक कड दुसरीपेक्षा पुढे आलेली, वरच्या मजल्यावर दारं अडकायला लागलेली, यातलं काहीही दिसलं तर इथेच थांबा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. ते काम घरी करायचं नाही. आमच्याकडे फुगारा पाऊण इंचाचा निघाला, काच शाबूत राहिली, तरी मी इंजिनिअरकडून एकदा बघून घेतलं. त्या पैशांचं मला वाईट वाटलं नाही.

बाहेरचं काम

पहिली पन्हळ. आम्ही मागच्या बाजूला सहा इंची पीव्हीसी पन्हळ लावली आणि पाणी पाइपानं पऱ्यापर्यंत, म्हणजे ओहोळापर्यंत नेलं. मग परड्याचा उतार भिंतीपासून उलटा केला, पहिल्या दहा फुटांत सहा इंच. वरच्या अंगाला, भिंतीपासून दहा फुटांवर, सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावरून येणारं पाणी अडवून बाजूला काढायला उथळ चर मारला. केळी हलवल्या. खरं सांगायचं तर बऱ्याच घरांत एवढ्यावरच काम भागतं. इतकं करून एक पावसाळा बघा आणि मगच खणायचं ठरवा. आमच्या मागची जमीन आठ-आठ दिवस भरलेली राहायची, म्हणून आम्ही तेवढं थांबलो नाही, लगेच खणलं.

खणायचं ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, माती कोरडी असताना. अख्खी भिंत एकदम उघडी करायची नाही. चार-पाच फुटांचा एक तुकडा खणायचा, काम पुरं करून भरायचा, मग मधला एक सोडून पुढचा. छातीएवढ्या खोल चरात फळ्या आणि टेकू दिल्याशिवाय माणूस उतरवू नका. कोसळलेल्या मातीला आवाज नसतो आणि वेळही नसतो. काढलेली माती काठावर रचू नका. आणि पायाच्या तळाखाली कुदळ जाऊ देऊ नका, नाहीतर भिंतीचा आधारच जाईल.

बाहेरचा चिरा घासून, दरजा भरून आम्ही एकास चारचा गिलावा केला, सात दिवस पाणी मारलं आणि वर सिमेंट-पॉलिमर कोटिंगचे दोन हात दिले. चराच्या तळाला, खोलीच्या जमिनीपेक्षा खाली, जिओटेक्स्टाइल कापड, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड पसरलं. त्यावर खडी, खडीत चार इंची छिद्रांचा पाइप, छिद्रं खालच्या बाजूला. शंभर फुटांना एक फूट उतार. पाइपावर परत खडी, मग कापड दोन्ही बाजूंनी घडी घालून झाकलं, म्हणजे माती आत शिरून खडी बुजत नाही. पाइपाचं तोंड घराच्या खाली उतारावर उघडं काढलं आणि त्याला जाळी लावली, कारण आमच्याकडे खेकडे आणि उंदीर पहिल्याच महिन्यात आत घर करतात.

आतलं काम

पहिलं, त्या भिंतीवरचा बोर्ड मेनमधून बंद करा.

मग डागाच्या रेषेच्या वर फूटभरापर्यंत सगळा गिलावा काढा. छिन्नी हलक्या हातानं चालवा. आणि मग भिंत उघडी ठेवून द्या. हे सगळ्यात अवघड, कारण ओबडधोबड भिंत बघवत नाही आणि पाहुणे विचारतात. ढोबळ हिशेब असा की भिंतीची एक इंच जाडी वाळायला एक महिना लागतो. आम्ही चौदा महिने उघडी ठेवली. मधला पावसाळा गेला आणि पेन्सिलच्या नव्या रेघा ओढायची वेळच आली नाही, तेव्हा गिलाव्याचं नाव काढलं.

दरजा इंचभर खोल खरवडून, भुकटी झाडून, पाणी शिंपडून मुरवलेला चुना आणि चाळलेली वाळू, एकास तीन, दाबून भरा. मोठ्या पोकळीत चिऱ्याच्या चिपा ठोका. वर ओलं गोणपाट आठवडाभर. चुना डोळ्यांत उडाला तर भाजतो, चष्मा घाला. एखादा चिरा पार कुजलेला असेल तर बदलता येतो, पण एका वेळी एकच. नवा बसवून, चिपांनी आवळून, चुना धरल्याशिवाय शेजारचा हलवायचा नाही.

गिलावाही चुन्याचाच, पातळ, दोन थरांत. त्यावर चुन्याची सफेदी. ऑइलपेंट, टाइल्स, सिमेंटचा गिलावा आतून लावू नका. बाहेरची बाजू आता बंद आहे, त्यामुळे भिंतीत उरलेल्या ओलीला सुकायला आतलीच वाट आहे.

ज्यांची भिंत काँक्रीटची आहे त्यांच्यासाठी वेगळं. कोरडी, स्थिर भेग इपॉक्सी इंजेक्शननं शिवली जाते. पाणी येत असेल तर पॉलियुरेथेन, ते पाण्याशी मिसळून फुगतं आणि वाट बंद करतं. पाण्याची धार चालू असेल तर झटपट धरणारं सिमेंट मिळतं. भेग अर्धा इंच खोल कोरून घ्या, हातमोजा घालून गोळा मळा, गरम लागायला लागला की भेगेत कोंबा आणि तळव्यानं तीन-चार मिनिटं दाबून धरा. हात लवकर काढला तर सगळं वाहून जातं. सळई गंजून काँक्रीट सुटलं असेल तर नुसतं लिंपू नका, गंज लोखंडाहून जास्त जागा मागतो आणि लिंपण परत ढकलतो. सळईच्या मागून बोट जाईल इतकं काँक्रीट काढून, तारेच्या ब्रशनं गंज घासून, प्रायमर लावून मग पॉलिमर मॉर्टर. सळई बारीक झालेली दिसली तर परत इंजिनिअर.

मेमध्ये आमच्याकडे आता दोन कामं ठरलेली असतात. पन्हळीतला पाला काढायचा आणि वरचा चर खरवडायचा. जूनमधला पहिला जोराचा पाऊस रात्री आला तरी मी बॅटरी घेऊन परड्यात जाते, पाणी कुठे साचतंय ते बघते आणि खाली उतरून पाइपाच्या तोंडाशी कान देते. धार चालू असली तर वर येऊन झोपते. बंद असली तर सकाळी पहिलं काम, जाळी काढून पाइपात काठी घालायची.