आंघोळीआधीचा अर्धा तास : एक ते तीन वर्षांच्या मुलासोबत हात माखायचे खेळ

मोदकांची उकड मळायला घेतली की दीड वर्षाचे मूल परातीला येऊन खेटते. त्याला तिथून उठवायला जेवढा वेळ लागतो, त्याहून कमी वेळात लिंबाएवढा गोळा हातात देऊन त्याला बाजूच्या पाटावर बसवता येते. कोकणातील घरात हात माखण्याची अशी कामे वर्षभर चालूच असतात : रातांबे म्हणजे कोकमाची फळे फोडणे, पावसाळा सरल्यावर अंगण चोपून सारवणे, माड-पोफळींना पाणी घालणे, गणपतीआधी भिंती रंगवणे. एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी वेगळे साहित्य विकत आणण्यापेक्षा याच कामांतला एखादा लहानसा वाटा त्याच्या पुढ्यात ठेवणे सोपे पडते, असा आमच्या गुहागरकडच्या घरातला अनुभव आहे. पुढचे खेळ त्याच पद्धतीचे आहेत.

आधी वेळ आणि जागा ठरवावी

खेळ आंघोळीच्या लगेच आधी घ्यावा. मूल तसेही न्हाणीत जाणार असते, त्यामुळे त्याला पुसण्या-धुण्याचे वेगळे काम उरत नाही आणि मोठ्यांच्या कपाळावर आठी चढत नाही. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत सगळे आटोपावे. जागा म्हणून न्हाणीबाहेरची फरशी, मागची पडवी किंवा अंगणातली सावली उत्तम. रत्नागिरी-चिपळूणच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी सरळ बाथरूमच निवडावे आणि खाली जुनी चादर अंथरावी, कारण ओल्या गुळगुळीत फरशीवर मूल घसरते.

ओटीवर मात्र रंगाचा खेळ कधीही मांडू नये. आमच्याकडे एका श्रावणात भिंतीला नुकताच चुना काढला होता आणि मी तिथेच लेकासमोर हळदीच्या पाण्याची वाटी ठेवली. त्याने दोन्ही पंजे वाटीत बुडवून भिंतीवर टेकवले, आणि पिवळे उमटलेले ते पंजे पाहता पाहता तांबडे झाले. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या तेव्हा भिंतीवर गृहप्रवेशाचे ठसे असावेत तसे दिसत होते. हळदीवर चुन्याची क्रिया झाली की ती लाल होते आणि कुंकू बनते ते याच गुणावर, हे मला ठाऊक होते, पण भिंतीपाशी बसताना ते आठवले नाही.

मूल बसण्यापूर्वी लागणारे सर्व काही हाताशी आणून ठेवावे : टॉवेल, एक ओले फडके, कोरडे कपडे, आणि मुलाचा हात पोहोचणार नाही अशा जागी झाकलेली पाण्याची बादली. याचे कारण केवळ सोय हे नाही. एवढ्या लहान मुलाला बुडण्यासाठी चार बोटे पाणीही पुरते, त्यामुळे टॉवेल आणायला, दार उघडायला किंवा फोन घ्यायला उठायचेच झाले, तर मुलाला कडेवर घेऊनच उठावे. विहीर किंवा पाण्याची दोण जवळ असेल, तर तिकडे मुलाची पाठ नव्हे, तर आपली पाठ करून मध्ये बसावे.

खेळ किती वेळ चालेल याचा हिशेब ठेवू नये. कधी मूल पाच मिनिटांत वाटी उपडी करून निघून जाते, तर कधी अर्धा तास एकाच करवंटीतून दुसरीत पाणी ओतत राहते. हात माखायला जे मूल कचरते, त्याचे मनगट धरून बोटे बुडवू नयेत. त्याच्या हातात चमचा द्यावा, आपण स्वतः हात घालावा आणि गप्प बसावे. बहुतेक मुले चौथ्या-पाचव्या दिवशी एक बोट लावून पाहतात. एखादे मूल ओल्या-चिकट स्पर्शाला महिनोन्‌महिने घाबरत असेल आणि जेवणातलेही मऊ पदार्थ तोंडात घेत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांशी बोलून घ्यावे.

उकडीचा गोळा

इंटरनेटवर दिसणाऱ्या खेळण्याच्या कणकेत वाटीभर पिठाला अर्धी वाटी मीठ घातलेले असते. दोन वर्षांच्या आतले मूल प्रत्येक गोळा आधी चाखून पाहते आणि एवढे मीठ त्याच्या पोटात जाणे धोक्याचे आहे, म्हणून तो प्रकार मी या वयासाठी बाद धरते. उकड त्याहून चांगली.

१. एक वाटी पाण्यात चमचाभर तेल आणि चिमूटभर मीठ घालून उकळी आणावी. आच मंद करून एक वाटी तांदळाचे पीठ घालावे, ढवळावे आणि झाकण ठेवून दोन-तीन मिनिटे वाफ काढावी. तांदूळ जुना असेल तर पाणी थोडे जास्त लागते.

२. उतरवून दहा मिनिटे झाकून ठेवावी आणि तेल-पाण्याचा हात लावून मोठ्यांनीच नीट मळावी.

३. मुलाला देण्यापूर्वी प्रत्येक गोळा मधोमध मोडावा आणि आतला भाग आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूस लावून पाहावा. उकड बाहेरून कोमट लागली तरी पोटात चांगलीच गरम असते, आणि या खेळात कोणी भाजलेच तर ते इथेच भाजते.

४. ताटलीत गोळा, शेजारी लहान वाटीत पाणी आणि एक हळदीचे पान ठेवावे.

पुढे काही शिकवायची गरज नसते. मूल अंगठा खुपसते, पडलेल्या खळग्याकडे बघते आणि त्याच खळग्यात पुन्हा अंगठा घालते. बोटांना उकड चिकटली की रडवेले होते, हात झटकते, आणि केव्हातरी चुकून बोटे पाण्यात बुडाली की ओल्या बोटांना उकड चिकटत नाही हे त्याच्या लक्षात येते. मोदकाची पारी करताना आजी जे करते तेच ते. मग हळदीचे पान गोळ्यावर दाबून उचलावे. पानाच्या शिरांच्या बारीक रेघा उकडीवर जशाच्या तशा उठतात, आणि हाताला पातोळ्यांचा वास येतो तो वेगळाच. थोड्या मोठ्या मुलाला करंजीचे कातणे फिरवायला द्यावे, मात्र त्याची कडा बोथट आहे ना हे पाहून.

दमट हवेत उकड टिकत नाही. दोन-तीन तासांनंतर उरलेला गोळा कोंबड्यांना घालावा, दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

अन्नाशी खेळू नये, असे घरातील वडीलधारी माणसे म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. मी त्यावर तोडगा एवढाच काढला आहे की खेळासाठी वेगळा घाणा काढायचा नाही. मोदक, पानगी किंवा घावन होणार असतील त्या दिवशी मूठभर काढून घ्यायचे. एवढ्याला सासूबाईंचीही हरकत नसते. उलट गोळा त्याच करून देतात.

आमसुलाचा फेस

हा खेळ सव्वा-दीड वर्षापासून करता येतो आणि मोठ्यांनाही त्याची गंमत वाटते. चार-पाच आमसुले वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावीत, कुस्करावीत आणि पाणी गाळून घ्यावे. आगळ, म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, वापरू नये, कारण ते दाट आणि फार खारट असते. दुसऱ्या वाटीत चिमूटभर हळद पाण्यात कालवावी. एका पसरट स्टीलच्या ताटात खाण्याचा सोडा फक्त एक लहान चमचा, तोही मोठ्यांनी, भुरभुरावा आणि सोड्याचा डबा लगेच वर ठेवून द्यावा. आंबट पाण्यासाठी तांब्या-पितळेचे किंवा ॲल्युमिनियमचे भांडे घेऊ नये.

आता मुलाला चमचा द्यावा. आमसुलाचे पाणी सोड्यावर पडले की आंबटपणा आणि सोडा यांच्या क्रियेतून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि ताटात फस्सकन फेस येतो. त्याच वेळी पाण्याचा लाल रंग काळपट-निळसर होत जातो, कारण कोकमातला रंग आंबट पाण्यात लाल असतो आणि सोड्याने तो पालटतो. हळदीचे पाणी पडले तर फेस येत नाही, पण पिवळ्याचे तांबूस होते. हे का घडते ते सांगण्याचे वय अजून दूर आहे. मुलाला फक्त आवाज हवा असतो. माझा लेक प्रत्येक फस्सनंतर ताटाला कान लावत असे. डोळ्यांत शिंतोडे जाऊ नयेत म्हणून ताट मुलाच्या गुडघ्याच्या उंचीपेक्षा वर ठेवू नये. भिंतीचा प्रसंग सांगितला म्हणून कोणी सोड्याऐवजी चुना घेऊ नये. चुन्याने डोळ्याला गंभीर इजा होते.

आमसुलाचे डाग कपड्यावरून जात नाहीत, हळदीचे डाग धुऊन उन्हात वाळत घातल्यावर फिके होतात. त्यामुळे या दिवशी अंगात नुसती चड्डी असलेली बरी.

लाल मातीचा चिखल

जांभ्याची माती लोहामुळे लाल असते आणि तिचा रंगही कपड्यात मुरून बसतो. खडे, मुळ्या आणि काचेचे तुकडे निघून जावेत म्हणून माती पिठाच्या जुन्या चाळणीने चाळावी आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरून ठेवावी. गोठ्याजवळची, उकिरड्याची किंवा मांजर-कुत्री बसतात तिथली माती घेऊ नये. चिऱ्याच्या गडग्यातून (कुंपणाच्या दगडी भिंतीतून) माती काढताना हात घालण्यापूर्वी काठीने ठोकून पाहावे, कारण तिथे विंचू-सापांचे बस्तान असते.

घमेल्यात दोन करवंट्या माती घ्यावी आणि पाणी मुलाला स्वतःच्या हाताने, थोडे थोडे घालू द्यावे. कोरडी माती आधी पाणी पिते, मग ढेकूळ बनते, मग एका क्षणी तिचा लगदा होतो, आणि हा बदल आपण पाणी ओतून टाकला तर मुलाला बघायलाच मिळत नाही. करवंटीची कड आधी खरबरीत दगडावर घासून गुळगुळीत करावी. करवंटीत चिखल दाबून पाटावर उपडा केला की छान वडा पडतो. पोफळीच्या विरीचे (झावळीच्या बुडाच्या रुंद, चिवट आवरणाचे) ताट केले की वाढणे, खाणे, "आणखी हवं?" असे सगळे सुरू होते.

पावसाळ्यात हाच खेळ पडवीत, घरच्या स्वच्छ पाण्याने घ्यावा. अंगणातल्या किंवा शेतातल्या साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू येतात आणि ते जखमेतून शरीरात शिरतात. हाता-पायाला खरचटलेले असेल, तर चिखल त्या आठवड्यात बंद. मातीत खेळणाऱ्या मुलाची नखे कापलेली असावीत, १६ ते २४ महिन्यांत द्यायचा त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) लशीचा बूस्टर झालेला असावा, आणि राष्ट्रीय जंतनाशक दिनी अंगणवाडी-शाळांतून १ ते १९ वर्षांच्या मुलांना मिळणारी अल्बेंडाझोलची मात्रा चुकवू नये.

खेळून झाल्यावर करवंट्या पालथ्या घालाव्यात. पाणी भरलेल्या करवंटीत डेंग्यूच्या डासांची पैदास होते.

कंटाळा आल्यास

साबुदाणा अर्धा तास भिजवून भरपूर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवावा, गार पाण्याने धुवावा आणि बिटाच्या पाण्यात रंगवावा. बोटांतून निसटणाऱ्या त्या गुळगुळीत मण्यांत मूल रमते. कुंड्यांत घालण्यासाठी मिळणारे पाण्यात फुगणारे रंगीत मणी मात्र घरात आणूच नयेत. ते गिळले गेले तर आतड्यात फुगून अडथळा आणतात.

पाण्याचा खेळ तर रोजचाच. पोफळीच्या बुंध्याशी मुलाला छोटी करवंटी द्यावी आणि आपण शिंपण करू लागावे. वाळू घरी आणण्यापेक्षा ओहोटीच्या वेळी मुलालाच पुळणीवर न्यावे, कारण घरात आलेली वाळू पुढे पंधरा दिवस अंथरुणात सापडते.

परिसरातल्या काही वस्तू कटाक्षाने दूर ठेवाव्यात

काजूच्या कच्च्या बीच्या टरफलातील तेलाने कातडीवर फोड येतात, म्हणून हंगामात अंगणात वाळत घातलेल्या बियांकडे मूल एकटे जाऊ देऊ नये. गुंजा दिसायला देखण्या असल्या तरी त्या विषारी आहेत. अळूची पाने आणि सुरणाचे कच्चे काप यांनी हात व तोंड खाजते. भाताचे तूस हलके असल्याने उडून डोळ्यांत जाते. वाल, वाटाणे आणि चिंचोके या वयात खेळायला देऊ नयेत, कारण मुले ते नाकात घालतात आणि भिजलेला वाल तिथे फुगून बसतो. तसे झाल्यास चिमट्याने काढायच्या भानगडीत न पडता दवाखाना गाठावा.

आवरताना

लगेच पाणी घेऊ नये. उकड आणि चिखल आधी कोरड्या फडक्याने निपटून घ्यावा, म्हणजे न्हाणीची मोरी तुंबत नाही. हळद किंवा आमसूल लागले असेल तर हातांना खोबरेल तेल चोळून पुसावे आणि नंतर साबण लावावा. खेळायला बसण्यापूर्वीच तेलाचा हात फिरवला असेल तर रंग धरतही कमी. फडके मुलाच्या हाती दिले तर ते ताट पुसू लागते आणि पुसता पुसता सगळा पसारा आणखी हातभर पसरवते. अशा वेळी त्याला उचलून थेट घंगाळाशी न्यावे. पाणी आधीच विसाण घालून ठेवलेले असते.